चिखलदऱ्याच्या पठारावर दोन थरांचा तंबू : एका उन्हाळ्याचा अनुभव

आतून जाळीचा, वरून पॉलिएस्टरच्या आवरणाचा आणि चार माणसांचा म्हणून विकला जाणारा हा तंबू मी फेब्रुवारीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत चिखलदऱ्याच्या पठारावर वापरला. चार माणसे हा दावा सोडून द्यावा. दोन मोठी माणसे, एक मूल आणि सामान एवढेच त्यात नीट मावते. जाहिरातीत सगळा भर 3000 मिलिमीटरच्या जलरोधकतेवर (म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब कापड न गळता सोसते यावर) आहे, परंतु आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या आकड्याचा संबंध अगदी शेवटी येतो. तोपर्यंत तंबूचा कस लागतो तो ऊन, वारा आणि मुरमाच्या जमिनीवर.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1118 मीटर उंच आहे. दर हजार मीटरला हवा साधारण 6.5 अंशांनी थंडावते, त्यामुळे घाटाखाली परतवाड्यात पारा 44 वर असला तरी वर तो चाळिशीच्या आसपास राहतो. हा फरक रात्री सुखाचा वाटतो. नवतप्यातल्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ अतिउष्ण दिवसांतल्या, दुपारी मात्र बंद तंबूत बसणे केवळ अशक्य. म्हणून मे महिन्यात वरचे आवरण दिवसा काढून ठेवून आतली जाळीच तेवढी उभी ठेवत गेलो. चारही बाजूंनी वारा खेळणारी ही जाळी हाच या तंबूचा खरा गुण होय. कोरड्या हवेमुळे जमीन रात्री लवकर निवते आणि पहाटे एखादी गोधडी अंगावर घ्यावीशी वाटते.

जागेची निवड तंबूपेक्षाही महत्त्वाची ठरते. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. त्यामुळे मुक्काम नेहमी खाजगी शेतात, मालकाच्या परवानगीने. पहिल्याच वेळी शेतमालकाने बजावले होते, ‘सागाखाली नोका लावू भाऊ, उन्हाळ्यात त्याले सावली कोठची?’ साग ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण असतो, त्यामुळे आंब्याची किंवा जांभळाची गर्द सावली शोधावी लागते. मोहाखाली तर मार्च-एप्रिलमध्ये मुळीच राहू नये. पहाटेपासून त्याची रसाळ फुले टपटप पडू लागतात, कापडावर चिकट डाग धरतात आणि त्याच वासावर अस्वलही येते. खाण्याचे डबे तंबूत न ठेवता गाडीत बंद करणे हा येथे अनिवार्य नियम आहे. दिवसा वानरांमुळे, रात्री अस्वलामुळे.

सोबत मिळालेल्या खुंट्या निकामी आहेत. गाविलगडच्या डोंगररांगेत बेसाल्टचा थर वीतभर मातीखालीच लागतो, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या बारीक खुंट्या पहिल्या घणातच वाकतात. परतवाड्याच्या लोहाराकडून जाड सळईच्या खुंट्या घडवून घेतल्या आणि जिथे त्याही शिरल्या नाहीत तिथे ताणदोऱ्या मोठ्या दगडांना बांधल्या. मेच्या उत्तरार्धात संध्याकाळी अचानक वावटळ उठते, त्या वेळी या दोऱ्याच तंबू वाचवतात. अशाच एका वाऱ्यात फायबरग्लासचा एक खांब उभा चिरला. त्यावर चिकटपट्टी गुंडाळून काम भागवले, पण या उंचीवर ॲल्युमिनियमचेच खांब हवेत.

चेनमध्ये मुरमाची बारीक लाल धूळ भरते. ब्रशने झाडून दातांवर मेणबत्ती घासली की ती पुन्हा सरकते, मात्र हे दर मुक्कामानंतर करावे लागते. वरच्या आवरणाचा दक्षिणेकडचा हिरवा रंग विटला असून तिथले कापड हाताला किंचित कडक लागते; उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिएस्टर हळूहळू असेच जीर्ण होते.

शेकोटीचा विचारही करू नये. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ असतो आणि सागाची वाळलेली पाने एका ठिणगीने पेटतात. स्वयंपाक गॅसच्या छोट्या शेगडीवर, तोही साफ केलेल्या मोकळ्या जागेत, शेजारी पाण्याची बादली ठेवूनच करावा. पाणी खालूनच भरून न्यावे, कारण पावसाळ्यात धो-धो भिजणाऱ्या या पठारावर उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते.

जूनमधल्या पहिल्या जोरदार सरीत छत कोरडे राहिले. गळती झाली ती तळाच्या एका कोपऱ्यात, शिवणीवरची पट्टी सुटलेल्या ठिकाणी. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, उत्तर अद्याप नाही. तिथे शिवण बुजवणारा डिंक लावला आहे. याच किमतीत धातूचे खांब असलेला तंबू मिळत असेल, तर उन्हाळी मुक्कामासाठी तो घ्यावा, मग जलरोधकतेचा आकडा थोडा कमी असला तरी चालेल.