मॅन्युअल मोडमधील ऑटो आयएसओ: काही महिन्यांच्या वापरानंतर

उडणारे पक्षी टिपताना गेले काही महिने मी शटरचा वेग आणि अ‍ॅपर्चर (भिंगातून प्रकाश आत येण्याचे छिद्र) स्वतः ठरवतो आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाला कॅमेऱ्याचा प्रतिसाद किती तीव्र हे दाखवणारा आकडा, कॅमेऱ्यावर सोपवतो. १/१६०० सेकंद आणि एफ/५.६ एवढे पक्के केले की भर उन्हात आयएसओ २००च्या आसपास राहतो आणि पक्षी झाडांच्या सावलीत शिरताच तो २००० किंवा ३२००पर्यंत चढतो. पंखांची हालचाल गोठवणारा वेग मात्र कुठेही कमी होत नाही. ढगांच्या येण्याजाण्याने क्षणोक्षणी बदलणाऱ्या प्रकाशात ही सोय अमूल्य आहे.

तथापि, या पद्धतीत एक्स्पोजरचा (चित्र किती उजळ यावे याचा) अंतिम निर्णय छायाचित्रकाराचा नसून मीटरचा (कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाचा) असतो, हे लक्षात घेतलेच पाहिजे. पांढरा बगळा गडद झाडीसमोरून जात असेल, तर मीटर झाडी पाहून आयएसओ वाढवतो आणि बगळ्याच्या पिसांचा तपशील जळून जातो. तोच बगळा उजळ आकाशासमोर आला की आयएसओ घसरतो आणि पक्षी काळवंडतो. वास्तविक दोन्ही वेळी पक्ष्यावर पडणारे ऊन तेवढेच असते. म्हणून प्रकाश स्थिर आणि पार्श्वभूमी बदलती असेल, तर मी आयएसओही हाताने ठरवतो. प्रकाशच बदलता असेल, तर ऑटो आयएसओ ठेवून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची (मीटरने ठरवलेला उजळपणा कमी-जास्त करण्याची) चकती सतत बोटाखाली ठेवतो. झाडीसमोरच्या बगळ्यासाठी उणे १ स्टॉप (एका स्टॉपने एक्स्पोजर निम्मे किंवा दुप्पट होते) बहुधा पुरतो. काही जुन्या कॅमेऱ्यांत मॅन्युअल मोडमध्ये ही चकती काम करत नाही, आणि माझ्या मते तशा कॅमेऱ्यात या पद्धतीचा निम्मा उपयोग संपतो.

दुसरी मर्यादा तेजस्वी प्रकाशातली. सभागृहात एफ/२.८ आणि १/५०० ठेवून तसेच उन्हात आल्यास आयएसओ १००च्या खाली उतरू शकत नाही आणि चित्र अडीच स्टॉपहून अधिक उजळते. मीटरची खूण लुकलुकते खरी, पण पक्ष्यामागे धावणाऱ्या नजरेला ती क्वचितच दिसते.

कमाल आयएसओची मर्यादा मी ६४०० ठेवली होती, ती आता १२८०० केली आहे. मर्यादा गाठल्यावर कॅमेरा चित्र काळोखे करतो, आणि तसे चित्र नंतर संगणकावर उजळले तरी नॉइज (चित्रातील दाणेदारपणा) फारसा कमी दिसत नाही. कारण नॉइजचे मूळ सेन्सरवर पडलेल्या अपुऱ्या प्रकाशात असते, आयएसओच्या आकड्यात नव्हे. अर्थात, मर्यादा कमी ठेवल्यास उजळ भागांचा तपशील वाचतो, त्यामुळे रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काम करणाऱ्यांनी हा पर्याय अगदीच टाळू नये.

पॅनोरामासाठी (अनेक चौकटी जोडून केलेल्या रुंद चित्रासाठी) ही पद्धत निरुपयोगी आहे, कारण प्रत्येक चौकटीचा उजळपणा वेगळा येऊन जोड दिसतात. तिथे, आणि एका झपाट्यात अनेक चौकटी घेतानाही, मी एक्स्पोजर लॉकचे बटण दाबून धरतो. माझ्या कॅमेऱ्यात त्यामुळे आयएसओ तेवढ्यापुरता जागेवर थांबतो.