गळ्यात मारलेली ‘लेमन’: कॅलिफोर्नियात गाडी घेताना आणि परत करताना

पुन्हापुन्हा बिघडणाऱ्या आणि दुरुस्त न होणाऱ्या गाडीला अमेरिकेत ‘लेमन’ म्हणतात. १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याने डीलरकडून वापरलेली फोर्ड टॉरस घेतली, १९९७ चं मॉडेल. ट्रान्समिशन पुन्हापुन्हा बिघडतं म्हणून आधीच्या मालकाने ती वर्कशॉपमध्ये नेऊन नेऊन शेवटी कंपनीकडे दाद मागितली होती, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. कंपनीने त्या मालकाचे पैसे परत केले नव्हते. दुसरी गाडी घेताना वापरायचं एक सवलतीचं प्रमाणपत्र दिलं आणि जुनी गाडी डीलरकडे ‘ट्रेड-इन’ म्हणून जमा झाली. कागदोपत्री तो साधा सौदा ठरला, त्यामुळे टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, ‘लेमन’चा शिक्का नाही आणि दारावर स्टिकरही नाही. नव्या गिऱ्हाइकाच्या पदरी मात्र तोच बिघाड पडला.

प्रकरण कोर्टात गेलं. ज्युरीने सुमारे १७,८०० डॉलर नुकसानभरपाई आणि वर १ कोटी डॉलर दंड लावला. अपील कोर्टाने दंड ५३,४३५ डॉलरवर आणला. २००५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फेरविचारासाठी परत पाठवला आणि अखेर दंड १,७५,००० डॉलरवर ठरला. रकमेपेक्षा या फसवणुकीची रीत लक्षात घेण्यासारखी आहे, कारण ती आजही तशीच चालते.

कॅलिफोर्नियाचा वॉरंटीचा कायदा १९७० चा, साँग-बेव्हर्ली नावाचा; गाड्यांच्या बाबतीत त्यालाच ‘लेमन लॉ’ म्हणतात. वॉरंटीतला दोष वाजवी संधी देऊनही दुरुस्त होत नसेल, तर कंपनीने गाडी बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे. पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८,००० मैलांत (जे आधी होईल ते) एकाच दोषासाठी चार वेळा, जिवावर बेतणाऱ्या दोषासाठी दोन वेळा गाडी दाखवली असेल, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त वर्कशॉपमध्ये पडून राहिली असेल, तर ‘वाजवी संधी देऊन झाली’ असं कोर्ट गृहीत धरतं. अशी गाडी परत घेतल्यावर कंपनीने ती स्वतःच्या नावावर करून टायटलवर ‘लेमन लॉ बायबॅक’ अशी नोंद करून घ्यायची, ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या चौकटीला स्टिकर लावायचं आणि पुढच्या खरेदीदाराकडून दोष व दुरुस्ती लिहिलेल्या नोटिशीवर सही घ्यायची. त्या दोषापुरती एक वर्षाची लेखी वॉरंटीही द्यायची.

शिक्का बसला की गाडीची किंमत पडते. म्हणूनच ‘बायबॅक’ हा शब्द टाळण्यासाठी गाडी परत करणाऱ्याला गोड बोलून दुसरं काही देऊ केलं जातं: ट्रेड-इनमध्ये वाढीव किंमत, ‘गुडविल’ म्हणून चेक, नाहीतर गाडी ठेवून घ्या आणि हे पैसे घ्या. यातलं काही स्वीकारणं गुन्हा नाही. पण तडजोडीच्या कागदावर गाडी का परत जाते आहे हे लिहिलेलं नसेल, तर तो दोष पुढच्या माणसाच्या माथी जातो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: गाडी कायद्याखाली परत घेतली जात आहे का, आणि टायटलवर नोंद होणार का. ‘हो’ असं लेखी मिळालं नाही, तर समजून जा.

पैशाचा हिशेबही इथेच बिघडतो. परताव्यात किंमत, विक्रीकर, रजिस्ट्रेशन, टोइंग आणि भाड्याच्या गाडीचा खर्च येतो. वापराची वजावट अशी: दोषासाठी पहिल्यांदा गाडी दाखवली तेव्हाचे मैल भागिले १,२०,०००, गुणिले किंमत. समजा गाडी ४२,००० डॉलरची आहे. पहिली खेप ६,००० मैलांवर झाली असेल तर वजावट २,१०० डॉलर. पण त्या खेपेला सर्व्हिस ॲडव्हायझरने “फक्त सॉफ्टवेअर अपडेट केलं, रिपेअर ऑर्डरची गरज नाही” म्हणून कागदच केला नाही आणि पहिली नोंद १५,००० मैलांवर झाली, तर तीच वजावट ५,२५० डॉलर होते. एक कागद नसल्याने ३,१५० डॉलर गेले. म्हणून दर खेपेला रिपेअर ऑर्डर हातात घेतल्याशिवाय निघू नका. त्यावर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत हवी, आत-बाहेरच्या तारखा हव्यात आणि मैल हवेत. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा असला तरी ती खेप मोजली जाते. दोष घडताना काढलेला व्हिडिओ त्या वेळी कामी येतो.

परत करणाऱ्याकडूनही खोटेपणा होतो आणि तो महागात पडतो. नवे टायर काढून गुळगुळीत लावणं, अपघाताचा पोचा लपवणं, बाहेर बसवलेला रिमोट स्टार्ट काढून टाकून विजेचा दोष वॉरंटीत दाखवणं, हे सगळं गाडी ताब्यात घेतानाच्या तपासणीत दिसतं. मग रक्कम कापली जाते किंवा दावाच लटकतो. दुसरा प्रकार आपल्या लोकांत जास्त दिसतो. भारतात परतायची तारीख ठरलेली, बायबॅकला थांबायला वेळ नाही, म्हणून फ्रीमाँट-सनीव्हेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘उत्तम स्थितीत, एकच मालक’ असं टाकून गाडी नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याला विकायची. माहीत असलेला गंभीर दोष दडवून विकणं ही फसवणूकच आहे; बिल ऑफ सेलवर (विक्रीच्या कागदावर) ‘ॲज इज’, म्हणजे ‘आहे त्या स्थितीत’, असं लिहून त्यातून सुटका होत नाही. दोष सांगून, रिपेअर ऑर्डरींच्या प्रती जोडून, कमी किमतीला विका. असा घेणाराही मिळतो.

खरेदी करणाऱ्याने ड्रायव्हरचं दार उघडून चौकट नीट बघावी. टायरमधल्या हवेच्या दाबाचं लेबल असतं त्या पट्ट्यात चौकोनी गोंदाचा डाग किंवा ताजा रंग दिसला, तर थांबा. ते स्टिकर जाणूनबुजून काढणं बेकायदा आहे. एनएमव्हीटीआयएस या केंद्रीय नोंदीचा रिपोर्ट काढा आणि कारफॅक्स या खाजगी कंपनीचा गाडीच्या इतिहासाचा रिपोर्टही बघा, कारण दोन्हींत सगळंच असतं असं नाही. दुसऱ्या राज्यात फिरवून आणलेल्या गाडीचा शिक्का कधी पुसलेला सापडतो. वर्षभर जुन्या गाडीची आधीची मालक खुद्द उत्पादक कंपनी असेल, तर कारण विचारा. ती अधिकाऱ्याच्या वापरातली असू शकते, बायबॅकचीही असू शकते. डीलरकडे व्हीआयएनवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) वॉरंटी दुरुस्त्यांचा इतिहास मागा, आधीच्या मालकाचं नाव झाकून दिला तरी चालेल. उघडपणे बायबॅक म्हणून विकली जाणारी, नोटीस आणि वर्षाची वॉरंटी असलेली गाडी योग्य किमतीत घ्यायला काहीच हरकत नाही.

हे सगळं आता जास्त जपून करायला हवं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की आधीच्या मालकाची उरलेली वॉरंटी आहे एवढ्यावरून वापरलेली गाडी या कायद्यात ‘नवी’ ठरत नाही. म्हणजे ३६,००० मैलांच्या वॉरंटीतले १५,००० उरलेत या भरवशावर गाडी घेतली, तर दुरुस्ती मिळेल, पण कंपनीने गाडी परत घ्यावी असा हक्क या कलमाखाली सांगता येणार नाही.

फसवणूक झालीच असेल तर गाडी घाईने ट्रेड-इन करू नका, पुरावा तीच आहे. चौकटीचे फोटो काढा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि विक्रेत्याचे मेसेज जपून ठेवा, कंपनीला व डीलरला लेखी कळवा. डीलरविरुद्ध डीएमव्हीच्या (राज्याच्या वाहन खात्याच्या) तपास शाखेकडे तक्रार करता येते, फॉर्म आयएनव्ही १७२ए. फसवणुकीच्या दाव्याला ती उघडकीला आल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. मूळ वॉरंटीच्या दाव्यात ग्राहक जिंकला तर त्याच्या वकिलाची वाजवी फी कंपनीला भरावी लागते, म्हणून असे खटले घेणारे बरेच वकील ग्राहकाकडून आगाऊ पैसे मागत नाहीत.