सरपणासाठी चेनसॉ : स्टिल एमएस 180, दिवाळी ते श्रावण वापरल्यानंतर

मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे आमचं शेतघर आहे. गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी अजून तांब्याच्या बंबातच तापतं आणि भाकरी चुलीवरच होते. आई-अण्णा कायम तिथेच असतात, आम्ही कोथरूडहून शनिवार-रविवारी जातो. वर्षभराचं सरपण घरच्याच रानातून निघतं, कमी पडलं तर भवानी पेठेतल्या वखारीतून बंबफोड आणायची, असा आजवरचा रिवाज. कुऱ्हाड आणि आडवी करवत दोन्ही अण्णांच्या हातातली. त्यांचे गुडघे बोलायला लागल्यावर दिवाळीनंतर स्टिल कंपनीचा एमएस 180 हा चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, घेतला. आता श्रावण चालू आहे आणि पडवीत वर्षाचं जळण रचून झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. घरच्या सरपणासाठी मोठं इंजिन लागत नाही. लागते ती धार, आणि कोणत्या महिन्यात काय करायचं याचं भान. मशीनवर वाचवलेले पैसे जादाच्या चेनवर, कानशीवर आणि अंगावरच्या संरक्षणावर घाला.

आमच्याकडे तोडायचं असतं ते म्हणजे बांधावरची गिरिपुष्प (भातखाचरांना हिरवळीचं खत म्हणून लावलेली, छाटली की पुन्हा फुटते), सुबाभूळ, ओढ्याकाठची एखादी बाभूळ आणि वळवाच्या पावसात मोडून पडलेल्या फांद्या. जाडी मनगटापासून मांडीएवढी, त्याहून जाड ओंडका क्वचितच. बाजारात गेलात की पहिल्यांदा समोर येतं ते 58 सीसी, 22 इंची पट्टीचं (जिच्या कडेने चेन फिरते ती पट्टी) स्वस्त मशीन. आकडा मोठा, किंमत निम्म्याहून कमी, त्यामुळे मोह होतोच. शेजारच्या काकांकडे तसं आहे, मी घेण्याआधी त्यांच्याकडून आणून चालवून पाहिलं. जोर भरपूर आहे, पण हातात भलतंच जड. मांडीएवढं लाकूड कापायला बावीस इंचाची पट्टी घेतली तर टोक पलीकडे बाहेर निघतं आणि ते कशाला टेकतंय हे आपल्याला दिसत नाही. दुपारपर्यंत खांदे भरून येतात, आणि थकलेल्या हातात चेनसॉ असणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

एमएस 180 हे 31.8 सीसीचं मशीन, पट्टी-चेन सोडून वजन चार किलोच्या आसपास. मी 14 इंची पट्टी घेतली. गिरिपुष्प आणि सुबाभूळ यात लोण्यासारखी कापली जाते. वाळलेली बाभूळ मात्र वेळ घेते. तिथे रेटा द्यायचा नाही, पूर्ण ॲक्सिलरेटर ठेवून मशीनच्या वजनानेच खाली उतरू द्यायचं. फूटभराहून जाड बुंधा रोज कापायचा असेल, किंवा लाकडाचा व्यवसाय असेल, तर हे मशीन तुमच्यासाठी नाही. चाळीस-पन्नास सीसीकडे जा.

आता धारेबद्दल, कारण नव्वद टक्के लोक इथेच सोडून देतात. चेन बोथट झाली की मशीन बिघडलंय असं वाटतं. धूर येतो, काप एका बाजूला वळतो, जोर द्यावा लागतो. ओळखायची खूण खाली पडणाऱ्या भुशात आहे. चेन धारदार असेल तर जाडसर कीस उडतो, बोथट असेल तर पिठासारखी पूड. पूड दिसली की थांबायचं आणि कानस काढायची. या चेनला 4 मिलिमीटरची गोल कानस लागते. दातावर रेघ असते, तिच्याशी समांतर, म्हणजे 30 अंशांत, आतून बाहेर फक्त पुढे ढकलायची, मागे घासायची नाही. सगळ्या दातांना सारखेच हात मारायचे, नाहीतर काप वाकडा जातो. चार-पाच वेळा धार केली की दातापुढची छोटी गाठही पाहायची. ती दातापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली हवी. त्याचं माप मिळतं, सपाट कानशीने घासायची. गाठ जास्त घासली तर चेन लाकडात अडकून हिसके देते.

ही चेन आली कुठून, हे मला कळल्यापासून तिच्याबद्दल वेगळाच आदर वाटतो. अमेरिकेतल्या ऑरेगनमधला जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या 1946 मध्ये एका बुंध्यात भुंग्याची अळी पाहत बसला होता. अळी लाकूड आडवं-उभं कसंही सहज पोखरत होती, कारण तिचे इंग्रजी सी अक्षरासारखे वाकडे जबडे डावी-उजवीकडे आळीपाळीने चालत होते. त्यावरून त्याने डाव्या-उजव्या वळणाच्या दातांची चेन बनवली आणि 1947 मध्ये विकायला काढली. आजच्या बहुतेक चेनचे दात त्याच वळणाचे आहेत. आमच्या सुबाभळीच्या थप्पीखाली पिवळट पूड साचते ना, तीही अशाच किड्यांची करामत.

दगड, माती आणि तार हे धारेचे तीन वैरी. ओंडका जमिनीवर ठेवून कापला की शेवटच्या क्षणी चेन मातीत जाते आणि सकाळची मेहनत वाया. म्हणून आधी एक घोडी करून घ्या, दोन फुल्या आणि मधे आडवा दांडा, गावातला सुतार सहज करून देतो. बांधावरच्या झाडाच्या सालीत जुनी काटेरी तार किंवा खिळा गिळलेला असतो, तोही आधी डोळ्यांनी शोधायचा.

इंधनाचं प्रमाण पन्नासास एक, म्हणजे एक लिटर पेट्रोलला 20 मिली 2टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल. ऑइल चांगलंच घ्या. स्कूटरच्या गॅरेजमधलं सुटं घेऊ नका. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. मुळशीच्या पावसाळ्यात महिनाभर टाकीत राहिलेलं मिश्रण म्हणजे कार्ब्युरेटरला आमंत्रण. आतल्या रबरी पडद्यांनाही ते मानवत नाही. त्यामुळे लागेल तेवढंच मिश्रण करायचं, आणि मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. मी ज्येष्ठ संपताना तसं करून ठेवलं. परवा मोडून पडलेली फांदी कापायला बाहेर काढलं तर नेहमीसारखं चौथ्या-पाचव्या ओढीला सुरू झालं.

चेनचं तेल वेगळं असतं, त्याची टाकीही वेगळी. पेट्रोल भरताना तेही दर वेळी भरायचं, विसरून चालत नाही. मशीन उभं ठेवलं की थोडं तेल गळतं, तो बिघाड नव्हे. खाली पुठ्ठा ठेवा. नवी चेन पहिल्या दिवशी ढिली पडते, पुन्हा पुन्हा ताणावी लागते. तक्रार आहे ती दुकानाची. मी जिथून घेतलं तिथे मशीन पुठ्ठ्यातून काढून हातात दिलं, चालू करून दाखवणं तर दूरच, आणि जादाची चेन मागवली ती येता येता आठवडे गेले. खरेदीच्या दिवशीच दोन चेन आणि कानशीचा संच घेऊन निघा.

सुरक्षेबद्दल मी कडक आहे. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही टेकला तर मशीन क्षणात उसळून तोंडाकडे येतं. पुढच्या हातासमोरचा दांडा म्हणजे चेनचा ब्रेक, हाताने ढकलून तो लागतो की नाही हे रोज सुरुवातीलाच बघा. खांद्याच्या वर मशीन नेऊन कापायचं नाही, शिडीवर चढून तर कधीच नाही. जाळीचं हेल्मेट, कानाला मफ, जाड बूट आणि चेन अडवणारी खास पँट. ती पँट चैत्रात नको नको होते, तरीही घाला. भार असलेली फांदी कापताना वाकून जी बाजू आत दबलेली आहे तिकडून आधी थोडा काप, मग उलट, ताणलेल्या बाजूने पूर्ण. नाहीतर पट्टी चिमटीत सापडते. लाकडाची पाचर खिशात असू द्या. आणि एकट्याने रानात जाऊन हे काम करू नका.

मशीनने तुकडे होतात, फोडायचं काम कुऱ्हाडीचंच. बंबाला वीतभर लांबीच्या ढलप्या लागतात, चुलीला हातभर चालतात. ओलं लाकूड मात्र कशानेही कापा, जळणार नाही. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं आणि ते वाफ करण्यातच आच जाते. उरतो धूर आणि बंबाच्या नळीत काळा डांबरासारखा थर. म्हणून तोड मार्गशीर्ष-पौषात, लगेच फोडायचं, होळीपासूनचं ऊन खाऊ द्यायचं आणि मृगाच्या आधी पडवीत. टोकांना तडे गेले आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यावर टणटण वाजल्या की वाळलं समजायचं. बाभळीचा निखारा सगळ्यात टिकाऊ, आई तिच्यावरच भाकरी भाजते. गिरिपुष्प पाणी तापवायला छान. बारीक काटक्या आम्ही कापत बसत नाही. वाडीवरच्या बायका मोळीसाठी नेतात, त्यांच्यासाठी बांधाला लावून ठेवतो.

कापण्याआधी कायदा बघा. गावाकडे 1964 चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, खैर, हिरडा अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पुणे शहरात 1975 चा कायदा लागू आहे. सोसायटीतलं किंवा बंगल्यातलं झाड, कोणतंही असो, महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करूनच तोडायचं, आणि मोठ्या फांद्या छाटायच्या तरी तसंच. नुसत्या अशा छाटणीसाठी पेट्रोलचं मशीन घेऊ नका. आवाजाने आख्खी गल्ली खिडकीत येते. तिथे बॅटरीवरचं छोटं बरं. वायरवर चालणारंही स्वस्त पडतं. पण आमच्याकडे ते का घेतलं नाही, तर रानात प्लग नाही, आणि घराजवळ वीज कधी असेल याचा नेम नाही.