‘मॅड मेन’: एका मोठ्या गिऱ्हाइकावर उभी असलेली कंपनी

‘मॅड मेन’ या एका जाहिरातसंस्थेवरील मालिकेच्या चौथ्या सीझनमध्ये १९६४ च्या नाताळाचा प्रसंग आहे. हाताशी पैसा कमी असल्यामुळे ऑफिसातील पार्टी साधीच करायची असे ठरलेले असते. पण कंपनीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक असलेल्या ‘लकी स्ट्राइक’ सिगारेटचा ली गार्नर ज्युनिअर येणार असे कळते आणि सगळा थाट नव्याने मांडला जातो. आल्यावर हा गृहस्थ रॉजर स्टर्लिंगला सांताक्लॉजचा लाल पोशाख चढवायला सांगतो. ज्याचे नाव कंपनीच्या पाटीवर आहे तो पिकल्या केसांचा मालक आधी हसून टाळू पाहतो आणि शेवटी सर्व कर्मचाऱ्यांसमोर तो पोशाख घालतो. हा प्रसंग पाहताना माझ्या पोटात अक्षरशः कालवाकालव झाली, कारण तो लाल पोशाख मीही वेगळ्या रूपात अनेक वर्षे घातला आहे.

‘मॅड मेन’ ही मॅथ्यू वायनर यांनी निर्माण केलेली अमेरिकी मालिका २००७ ते २०१५ या काळात एएमसी वाहिनीवर सात सीझन आणि ९२ भागांत दाखवली गेली, आणि २००८ पासून सलग चार वर्षे सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचे एमी पारितोषिक तिने मिळवले. न्यू यॉर्कच्या मॅडिसन अॅव्हेन्यूवरील एका जाहिरातसंस्थेत १९६० ते १९७० या दहा वर्षांत घडणारी ही कथा आहे. डॉन ड्रेपर या प्रतिभावान पण आतून पोखरलेल्या माणसासाठी बहुतेक जण ती पाहतात. मी मात्र, छपाई आणि खोकी तयार करण्याच्या व्यवसायात तीस वर्षे घालवलेला माणूस म्हणून, ती एका कंपनीचे चरित्र म्हणून पाहिली आणि त्या दृष्टीने तिच्याइतकी खरी मालिका मला आजवर भेटलेली नाही.

पहिल्याच भागात डॉन ऐन बैठकीत ‘लकी स्ट्राइक’साठी घोषवाक्य सुचवून ते गिऱ्हाईक राखतो, आणि तिथूनच कंपनी हळूहळू त्या एका नावाच्या ओझ्याखाली वाकत जाते. तिसऱ्या सीझनमध्ये साल हा कलाविभागप्रमुख ली गार्नरची लगट नाकारतो. ली तक्रार करतो, रॉजर सालला तडकाफडकी काढून टाकतो आणि डॉन त्याच्या बाजूने एक शब्दही बोलत नाही. चूक कोणाची आहे हा प्रश्नच तेथे उरत नाही, कारण बिल कोण भरतो याचे उत्तर सर्वांना ठाऊक असते. पुढच्या सीझनमध्ये ‘लकी स्ट्राइक’ निघून जाणार हे रॉजरला कळते, तेव्हा तो ही गोष्ट भागीदारांपासून लपवतो, आणि बाहेरून बातमी फुटल्यावर आपल्यालाही आत्ताच समजले असे भासवण्यासाठी फोनवर बोलत असल्याचे नाटक करतो. त्यानंतर माणसे कमी केली जातात, बँकेचे कर्ज मिळावे म्हणून भागीदारांना पदरचे पैसे घालावे लागतात, आणि पीट कॅम्पबेलच्या वाट्याचे ५०,००० डॉलर डॉन गुपचूप भरतो.

आमच्या भोसरीच्या गाळ्यातही असेच एक गिऱ्हाईक होते. महिन्याच्या दहा ऑर्डरपैकी सात त्यांच्या असत. नव्वद दिवसांची उधारी आम्ही निमूटपणे मान्य केली, त्यांच्या सोयीने दिवाळीत पंचिंग मशीन चालवले, आणि त्यांच्या खरेदी-अधिकाऱ्याने आमच्या फोरमनचा चारचौघांत पाणउतारा केला त्या दिवशी मी खाली मान घालून उभा राहिलो. काम बंद होणार असल्याची कुणकुण लागल्यावर मी दीड महिना माझ्या धाकट्या भावाला, जो धंद्यात माझा भागीदार आहे, काहीही सांगितले नाही. त्या दीड महिन्यात आम्ही नवी दोन कामे शोधू शकलो असतो. ‘दादा, निदान मला तरी सांगायचे होतेस,’ एवढेच तो म्हणाला. आज आमच्याकडे कोणत्याही एका पार्टीचे काम एकूण कामाच्या चौथ्या हिश्शापेक्षा वाढू दिले जात नाही, आणि वहीतील त्या आकड्याकडे आम्ही दोघे दर सोमवारी एकत्र पाहतो.

मालिकेची दुसरी मोठी जमेची बाजू म्हणजे पेगी ओल्सन. डॉनची सेक्रेटरी म्हणून आलेली ही मुलगी लिपस्टिकच्या चाचणीत एक नेमके निरीक्षण नोंदवते आणि त्या बळावर कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिणारी, होते. पुढे स्वतंत्र खोली ती रॉजरकडे स्वतः जाऊन मागते आणि मिळवते, पण पुरुषांइतका पगार मागते तेव्हा डॉन नकार देतो. पाचव्या सीझनमध्ये तो तिच्या तोंडावर नोटा फेकतो. त्यानंतर ती दुसऱ्या संस्थेच्या टेड शॉला भेटते आणि चिठ्ठीवर पद व वर्षाला १८,००० डॉलर असा आकडा लिहून देते. टेड तो खोडून १९,००० करतो. राजीनामा ऐकल्यावर हवा तो आकडा सांग, असे डॉन म्हणतो, परंतु तिला थांबवील असा आकडा तोपर्यंत उरलेला नसतो.

उणिवाही आहेत. गती संथ आहे, सहाव्या सीझनमध्ये डॉनचे तेच ते अधःपतन कंटाळवाणे होते, आणि ऑफिसातील दारू, सिगारेट व स्त्रियांशी होणारे वर्तन पाहणे अनेकदा जड जाते. इंग्रजी संवाद झपाट्याने येतात, त्यामुळे सबटायटल लावूनच पाहावी. वेळ कमी असेल त्यांनी निदान तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग पाहावा. त्यात शनिवार-रविवारी जुन्या ऑफिसातून फायली उचलून हॉटेलच्या खोलीत नवी कंपनी उभी राहते. कोणती वस्तू कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे सर्वांत आधी जुन्या ऑफिसचा कारभार सांभाळलेल्या जोनची आठवण होते. ती येते, यादी काढते, आणि काम सुरू होते.

मालिका संपवली त्याच आठवड्यात आमच्याकडे डिझाइन करणारी मुलगी, जी सहा वर्षांत एकदाही पगाराविषयी बोलली नव्हती, सुट्टीचा अर्ज घेऊन केबिनमध्ये आली. मी अर्जावर सही केली, तिला बसायला सांगितले आणि कोरा कागद पुढे ठेवून म्हणालो, ‘तुमच्या कामाचा आकडा तुम्हीच लिहा.’ तिने बराच वेळ पेन हातात धरून ठेवले. मग लिहिलेला आकडा माझ्या अंदाजापेक्षा कमी होता, म्हणून मी तो खोडून त्याखाली दुसरा लिहिला.