कोकम दाणे का थुंकत होता: बेट्टाच्या खाद्यांचा सहा महिन्यांचा अनुभव

कोकम हा आमचा बेट्टा मासा. गर्द लाल, परांच्या कडेला काळपट झाक, म्हणून सासूबाईंनी हे नाव ठेवलं. गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात तो ठाण्याजवळ, कळव्याच्या खारेगावला आमच्या घरी आला आणि पहिले नऊ दिवस त्याने पोटात काही घेतलं नाही. दाणा टाकला की वर यायचा, तोंडात घ्यायचा, दोनदा चावल्यासारखं करायचा आणि फू करून बाहेर टाकायचा. परत घ्यायचा, परत फू. तिसऱ्या वेळी पाठ फिरवून कोपऱ्यात जाऊन बसायचा. घरात सगळे म्हणाले, नखरेल आहे, भूक लागली की खाईल मुकाट्याने.

मी नौपाड्यात एका औषधाच्या दुकानात चौदा वर्षं फार्मासिस्ट आहे. सुट्या गोळ्या देताना पट्टीवरची मुदत आणि बॅच नंबर कापला जाणार नाही, याची दिवसभर काळजी घेते. दहाव्या दिवशी संध्याकाळी घरी आले, माशाच्या खाद्याची पिशवी हातात घेतली आणि तेव्हा लक्षात आलं की तिच्यावर काहीच छापलेलं नाही. नाव नाही, बनवल्याची तारीख नाही, मुदत नाही. जिथून मासा घेतला त्या दुकानदाराने मोठ्या डब्यातून काढून छोट्या पिशवीत भरून ३० रुपयांना दिलं होतं. पिशवी उघडून नाकाशी धरली, तर जुन्या खोबऱ्याला येतो तसा खवट वास. माशाच्या खाद्यात माशाचं तेल, कोळंबीचा कूट असं सगळं असतं. उघड्या डब्यात, त्यात आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात, ते तेल खवटतं आणि जीवनसत्त्वं, विशेषतः सी, उडून जातात. शिवाय दाणा साबुदाण्याएवढा, आणि कोकमचं तोंड म्हणजे टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडं मोठं. तो थुंकत होता ते बरोबरच होतं.

म्हणून पहिला अभिप्राय सुट्या खाद्याबद्दल: घेऊ नका. बेट्टा दिवसाला दहा दाण्यांच्या वर खात नाही. वीस ग्रॅमचं सीलबंद पाकीट एका माशाला वर्ष सरलं तरी संपत नाही, त्यामुळे वाचवायला इथे पैसेही नाहीत. मी राजगिऱ्याएवढ्या दाण्याचं, पाण्यावर तरंगणारं पाकीट आणलं. घटकांच्या यादीत पहिलं नाव मासळीच्या भुकटीचं आहे, गव्हाच्या पिठाचं नाही, एवढं पाहून घेतलं. पाकीट फोडल्याची तारीख पेनाने वर लिहिली, महिन्याभराचे दाणे छोट्या बाटलीत काढले आणि उरलेलं घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवलं. सहा महिन्यांनी उरेल ते टाकून द्यायचं.

पण नऊ दिवस उपाशी राहिलेल्या माशाने हेही दाणे लगेच घेतले नाहीत. तेव्हा मी ठाणे पूर्वेला, कोपरीतल्या एका दुकानात गेले. दुकान लहान, आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला जागा नाही. दुकानातल्या दादांनी ‘नऊ दिवस थुंकतोय’ एवढं ऐकलं आणि काही विकण्याआधी विचारलं, “ताई, पाणी किती लिटर? झाकण आहे का? रात्री पाणी किती गार होतं?” मी वीस लिटर सांगितलं तेव्हा कुठे त्यांनी फ्रीझर उघडला. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या दुकानाला पैकीच्या पैकी गुण देते. नाव लिहू नका, असं त्यांनीच सांगितलंय. रविवारी जिवंत खाद्याच्या वीसच पिशव्या येतात आणि त्या नेहमीच्या लोकांनाच पुरत नाहीत.

त्यांनी दिली ती गोठवलेल्या ब्लडवर्मची पट्टी. शंभर ग्रॅम, तीस वड्या, १४० रुपये. नावात वर्म असलं तरी हे किडे गांडुळाच्या जातीचे नव्हेत. न चावणाऱ्या, डासासारख्या दिसणाऱ्या एका माशीच्या या अळ्या. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो, आपल्या रक्तात असतं तेच, म्हणून त्या कमी प्राणवायूच्या चिखलातही जगतात. थायलंडच्या भातखाचरांत आणि दलदलीत राहणारा बेट्टा हेच खात आलाय: अळ्या, पाण्यावर पडलेले किडे, बारीक कोळंबीसारखे जीव. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं ते याच शिकारीसाठी. थाई भाषेत त्याला प्ला कट म्हणजे चावरा मासा म्हणतात आणि २०१९ पासून तो त्या देशाचा राष्ट्रीय जलचर आहे.

पट्टी घेताना एक नक्की बघा. वड्यांच्या कप्प्यांतून लाल पाणी पसरून गोठलेलं दिसलं, किंवा वड्या एका बाजूला झुकून बसलेल्या दिसल्या, तर ती पट्टी एकदा वितळून परत गोठलेली आहे. ती परत करा. मी स्टीलच्या डब्यात बर्फाचे खडे घालून, वर टॉवेल गुंडाळून नेते. ठाण्याहून कळवा एकच स्टेशन, पुढे रिक्षा, तरी मार्चच्या उन्हात वितळायला तेवढा वेळ पुरतो.

घरी खरा प्रश्न फ्रीझरचा होता. सासूबाई म्हणाल्या, “अगं, त्या अळ्या माझ्या मटाराशेजारी नकोत.” त्यांचं म्हणणं मला पटलं. घट्ट झाकणाचा वेगळा डबा घेतला, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘कोकम’ लिहिलं आणि तो सगळ्यात खालच्या कप्प्यात गेला. एक पाहुणी आमसुलं समजून तो उघडायला निघाली होती, तेव्हापासून ‘कोकम मासा’ असं लिहिलंय.

वडी संपूर्ण टाकायची नाही, एका बेट्टाला ती आठवडाभराची होईल. मी गोठलेलीच सुरीने कापते, एक तुकडा टाकीतल्या पाण्यात वाटीत ठेवते, चहाच्या गाळणीत धुते आणि चिमट्याने एकेक अळी समोर धरते. पहिल्या दिवशी कोकम लांबूनच बघत राहिला. मी अळी थोडी हलवली आणि तो असा झेपावला की पाणी माझ्या चष्म्यावर उडालं. चार अळ्या खाल्ल्या. एकही थुंकली नाही. सासूबाई देवघरातून उठून बघायला आल्या होत्या.

दाण्यांची सवय याच अळ्यांनी लावली. वाटीतल्या लाल पाण्यात दोन दाणे मिनिटभर भिजवायचे, टूथपिकने पाण्यावर जरा ढकलायचे, म्हणजे ते जिवंत वाटतात. सकाळी भुकेच्या वेळी दाणे आधी, अळ्या नंतर. क्रम उलटा झाला तर दाण्यांकडे तो ढुंकूनही बघत नाही. अकरा दिवस लागले. आता सकाळी चार, संध्याकाळी चार दाणे सरळ खातो, आणि अळ्या बुधवारी व शनिवारी. रोज अळ्याच दिल्या तर पोषण एकांगी होतं आणि पोटही जड होतं.

हे आम्ही पाहिलंय. दिवाळीच्या फराळात सासूबाईंनी प्रेमाने त्याला दहा-बारा अळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी पोट वाटाण्यासारखं फुगलं, एका कुशीवर तिरपा तरंगत होता. कुणी सांगितलं, उकडलेला मटार भरव. मी दिला नाही. किडे खाणाऱ्या जिवाच्या आतड्यांना वनस्पती नीट पचत नाही. दोन दिवस काही दिलं नाही, पाणी सत्तावीस अंशांवर आहे ना ते बघितलं, तिसऱ्या दिवशी मोइना हे बारीक जिवंत खाद्य दिलं. चौथ्या दिवशी तो सरळ पोहत होता. तेव्हापासून सासूबाईंनीच त्याचा गुरुवारचा उपास ठरवलाय, आणि तो दोघीही पाळतो.

मोइना म्हणजे पाण्यातली पिसवांसारखी बारीक जित्राबं, डॅफ्निया या पाणपिसवांची भावंडं, पण आपल्या गरम हवेत जास्त टिकणारी. रविवारी पाण्याच्या पिशवीत रबर लावून मिळतात, २० रुपये. त्यांचं कवच पचत नाही आणि तेच पोट साफ करतं, आपल्याकडे इसबगोल करतं तसं. मला सगळ्यात आनंद याच खाद्याने दिला. वीस-पंचवीस मोइना सोडल्या की कोकम अर्धा तास टाकीभर फिरून एकेक टिपतो. शिकार करणारा मासा बघणं वेगळंच असतं. पिशवीतलं पाणी मात्र टाकीत ओतू नका, गाळणीतून फक्त मोइना घ्या.

आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची अंडीही आणली होती. लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम मीठ, हवेचा पंप, दिवा, आणि चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी धुळीसारखी पिल्लं. उबवून बघायला छान वाटतं, पण बाटलीभर पिल्लांतला दहावा भागही एक बेट्टा संपवत नाही, आणि टरफलं वेगळी काढताना डोळे दुखतात. बेट्टाची पैदास करणाऱ्यांनी घ्यावं. वाळवलेले ब्लडवर्म मी एकदाच वापरले. त्यांची भुकटी उडते आणि तिची ॲलर्जी होते हे माहीत असूनही बाटली नाकाजवळ उघडली. शिंका थांबेनात. शिवाय कोरडे तसेच टाकले तर पोटात फुगतात. दमा असलेल्या घरात ती बाटली नकोच, आणि गोठवलेल्या अळ्यांनाही हात लावल्यावर साबणाने धुवा. ट्युबिफेक्स नावाचे बारीक लाल जिवंत किडे मी घेतलेच नाहीत. ते गटाराच्या गाळात वाढतात.

एक चूक सांगायलाच हवी, कारण ती करण्याचा मोह इथे सगळ्यांना होतो. फुकटचं जिवंत खाद्य म्हणून मी बाल्कनीत बादली भरून डासांच्या अळ्या धरल्या. कोकमला त्या प्रचंड आवडल्या. पण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. एका दिवशी गाळायचं राहिलं आणि सकाळी बादलीवर रिकामी कातडी तरंगताना दिसली, म्हणजे डास उडून गेले होते. गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा, असं लहानपणापासून भिंतींवर वाचत आलेली मी. खाली पहिल्या मजल्यावर सात महिन्यांची गरोदर मुलगी राहते. बादली त्याच क्षणी ओतली, घासली, उन्हात पालथी घातली. डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या कडेलाही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून घासणं महत्त्वाचं.

जानेवारीत परत त्याने खाणं कमी केलं तेव्हा मी खाद्य बदललं नाही, थर्मामीटर बघितला. पहाटे बावीस अंश. पंचवीस वॉटचा हीटर लावला, दोन दिवसांत भूक परत आली.

शिमग्याला आम्ही चार दिवस गावी जातोय. सुट्टीसाठी हळूहळू विरघळणारी खाद्याची वडी मिळते, ती घेणार नाही. पाणी खराब होतं, आणि चार दिवसांच्या उपासाने धडधाकट बेट्टाला काही होत नाही. शेजारच्या मुलाला चावी दिलीय. त्याने फक्त झाकण बंद आहे ना आणि हीटरचा लाल दिवा लागतो ना, एवढं बघायचं. खाद्याची बाटली मी बरोबर नेतेय, नाहीतर तो प्रेमाने घालेल.