वेळापत्रकाविना गाडी चालवताना: ‘ओपन रेल्स’च्या एक्सप्लोअर मोडचा काही महिन्यांचा अनुभव

‘ओपन रेल्स’ हा आगगाडी चालवण्याचा सिम्युलेटर मोफत मिळतो, त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या २००१ सालच्या ट्रेन सिम्युलेटरसाठी तयार झालेले मार्ग, इंजिने व डबे त्यात चालतात. गेल्या पावसाळ्यापासून मी तो नियमित वापरत आहे आणि त्यातला बहुतेक वेळ ‘एक्सप्लोअर रूट’ या एकाच मोडमध्ये गेला आहे. या मोडमध्ये मार्ग, गाडी, निघण्याचे ठिकाण, ऋतू, हवामान आणि घड्याळातील वेळ आपण निवडायची. त्यानंतर कोणी काम सांगत नाही आणि कोणी उशीर मोजत नाही. सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवण्याच्या जागा, हेही आपल्याच हाती असतात: पुढचा सांधा ‘जी’ या कळीने बदलता येतो. बरेच जण हा मोड देखावे पाहण्यापुरता उघडतात आणि लगेच ठरावीक कामगिऱ्यांकडे वळतात. माझे मत याच्या नेमके उलट झाले आहे. गाडी चालवणे म्हणजे काय ते मला येथेच समजू लागले, कारण मार्गाचा एकच तुकडा मनासारखा जमेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवण्याची मुभा येथेच मिळते.

माझा सर्वाधिक वेळ मायक्रोसॉफ्टच्या त्या सिम्युलेटरच्या जुन्या सीडीसोबत येणाऱ्या मारियास पास या मार्गावर गेला. अमेरिकेतील मोंटाना राज्यात रॉकी पर्वत ओलांडणारी ही खिंड जॉन एफ. स्टीव्हन्स या अभियंत्याने १८८९ च्या हिवाळ्यात ग्रेट नॉर्दर्न रेल्वेसाठी शोधली. पुढे पनामा कालव्याचे मुख्य अभियंता म्हणून तेच नेमले गेले. खिंडीचा माथा समुद्रसपाटीपासून ५,२१३ फुटांवर आहे. पूर्वेकडून येणारा चढ सौम्य आहे, पश्चिमेकडचा मात्र १.८ टक्क्यांचा, म्हणजे साधारण १:५५ आहे. पुणे-मुंबई प्रवास करणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल, कारण आपल्या बोरघाटात चढ १:३७ असून तेथे कर्जतहून गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिने लावावी लागतात. तरीही ५,००० टनांची मालगाडी घेऊन माथ्यावरून पश्चिमेच्या एसेक्स गावाकडे उतरायला लागल्यावर १.८ टक्क्यांचा अर्थ कळतो: सुमारे ९० टनांचे बल गाडीला सतत खाली ओढत असते आणि चाकांचा घर्षणविरोध त्यातले थोडेसेच कमी करतो.

या उतरणीवर मी जेवढा रमलो तेवढा इतर कशातही रमलो नाही. एफ५ कळ दाबली की पडद्यावर ब्रेकचे आकडे दिसू लागतात: इंजिनाजवळच्या ब्रेक पाइपमधील दाब, शेवटच्या वाघिणीजवळचा (मालडब्याजवळचा) दाब आणि ब्रेक सिलिंडरमधील दाब. अमेरिकन मालगाडीच्या पाइपमध्ये दर चौरस इंचाला ९० पौंड दाब असतो. तो सहा-सात पौंडांनी उतरवला की ब्रेक हलके लागतात; साधारण २६ पौंडांनी उतरवला की पूर्ण सर्व्हिस ब्रेक (आणीबाणीचा नव्हे, नेहमीच्या वापराचा) लागलेला असतो आणि त्याखाली पाइप कितीही रिकामा केला तरी सर्व्हिस ब्रेकचा जोर आणखी वाढत नाही. मुख्य गोष्ट अशी की या पद्धतीत ब्रेक थोडासा सोडता येत नाही. सोडला की पूर्ण सुटतो. सिलिंडरमधली हवा लवकर निघून जाते, पण प्रत्येक वाघिणीखालच्या टाकीत पुन्हा दाब भरायला बराच वेळ लागतो. त्यामुळे वेग कमी झाला म्हणून ब्रेक सोडला, उतारावर गाडीने पुन्हा वेग घेतला म्हणून लगेच लावला, असे दोन-तीनदा केले की टाक्यांमध्ये जोरच उरत नाही आणि गाडी हाताबाहेर जाते. म्हणून माथ्यावरच, वेग अगदी कमी असताना, हलका ब्रेक लावून तो तसाच धरून ठेवायचा आणि वेगातला बारीक चढउतार इंजिनाच्या डायनॅमिक ब्रेकने, म्हणजे इंजिनाच्या विजेच्या मोटारींनाच गाडी रोखायला लावून, सांभाळायचा. नऊ-दहा पौंडांच्या घटीवर गाडी जेव्हा एका वेगावर स्थिरावते आणि वळणांमागून वळणे गेली तरी काटा हलत नाही, तेव्हा होणारे समाधान मला कोणत्याही कामगिरीच्या गुणपत्रकाने दिलेले नाही.

असा सराव शक्य होतो तो एफ२ या कळीमुळे. माथ्यावर पोहोचल्यावर स्थिती जतन करून ठेवली की तीच गाडी, तेच हवामान आणि टाक्यांमधला तोच दाब घेऊन उतरण पुन्हा सुरू करता येते. त्यानंतर एकच गोष्ट बदलून पाहावी: कधी ब्रेक थोडा उशिरा लावावा, कधी त्याच गाडीने बर्फवृष्टीत उतरावे. ठरावीक कामगिरीतही जतन करण्याची सोय आहे, पण तेथे पुढच्या स्थानकाची वेळ डोक्यावर असल्यामुळे असा निवांत प्रयोग करावासा वाटत नाही.

शंटिंगबद्दलही, म्हणजे यार्डात डबे जोडण्या-तोडण्याबद्दलही, सांगितले पाहिजे. यार्डात उभ्या असलेल्या वाघिणींना इंजिन जोडले म्हणजे गाडी तयार झाली, असे येथे होत नाही. कपलिंग झाल्यावर ब्रेकची होज (हवेची लवचिक नळी) वेगळी जोडावी लागते आणि ती जोडताच इंजिनाच्या पाइपमधला दाब खाली येऊ लागतो, कारण ती हवा वाघिणींच्या रिकाम्या पाइपांमध्ये शिरत असते. शेवटच्या वाघिणीचा आकडा हळूहळू वर चढेपर्यंत थांबावेच लागते. एफ९ कळीने गाडीतील प्रत्येक वाघीण समोर मांडली जाते, तेथून हव्या त्या जागी गाडी तोडता येते आणि एकेका वाघिणीचा हँडब्रेक लावता किंवा सोडता येतो. फलाटावर उभे राहून इंजिन बदलताना आपण जो खोळंबा पाहतो, त्यातली मिनिटे कशासाठी खर्च होतात हे मला या खिडकीसमोर बसून उमगले.

वाफेच्या इंजिनांसाठी मी इंग्लंडमधील सेटल-कार्लाइल हा मार्ग वापरतो. सेटलपासून ब्ली मूरपर्यंत सुमारे १५ मैल जवळजवळ अखंड १:१०० चा चढ आहे आणि वाटेत २४ कमानींचा रिबलहेडचा पूल लागतो. फायरमनचे काम संगणकावर सोपवता येते, पण ते स्वतःकडे घेतले की बॉयलरमध्ये थंड पाणी कधी सोडायचे हाच मोठा प्रश्न होऊन बसतो, कारण ऐन चढावर इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी सोडणारे उपकरण) सुरू केला की वाफेचा दाब घसरतो. या बाबतीत माझा हात अजून पुरेसा बसलेला नाही, त्यामुळे अधिक लिहीत नाही.

या मोडची उणीव म्हणजे एकाकीपणा. समोरून गाड्या येत नाहीत, समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबावे लागत नाही आणि वाट मोकळी असल्याने सिग्नल बहुतेक वेळा अनुकूलच मिळतात. आपली चूक कोणी दाखवून देत नाही, त्यामुळे शिस्त स्वतःच लावून घ्यावी लागते. मी प्रत्येक फेरीआधी कमाल वेग आणि थांबण्याच्या जागा कागदावर लिहून घेतो आणि थांबताना इंजिन ठरलेल्या खुणेच्या पुढे गेले तर ती फेरी जमली असे मानत नाही. सिग्नल आणि इतर गाड्यांसह चालवण्याची सवय करायची असेल तर त्यासाठी वेळापत्रकाचा वेगळा मोड आहे आणि तो जरूर वापरावा. मात्र गाडीवर हात बसण्यापूर्वी त्यात शिरू नये असे मला वाटते.

संगणक फार ताकदवान असण्याची गरज नाही; माझ्या कामाच्या साध्या लॅपटॉपवर तो व्यवस्थित चालतो. भारतीय रेल्वेची इंजिने आणि डबे हौशी मंडळींनी तयार केलेले मिळतात, पण त्यांचे रूप जितके हुबेहूब असते तितकीच त्यांच्या ब्रेकची आकडेमोड भरवशाची असेलच असे नाही, म्हणून पहिले काही आठवडे मूळ मार्गांवरच काढावेत. सेटिंगमध्ये ‘ग्रॅज्युएटेड रिलीज’ नावाचा पर्याय आहे, तो गाडीनुसार तपासून घ्यावा. भारतीय गाड्यांत डब्यांखालच्या डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह या झडपेमुळे ब्रेक टप्प्याटप्प्याने सोडता येतो, अमेरिकन मालगाडीत तसे करता येत नाही. मारियास पासवर जाताना हा पर्याय बंदच ठेवा. तो सुरू राहिला तर वर वर्णन केलेली एसेक्सची उतरण फारच सोपी होते आणि तिच्यातले शिकण्यासारखे सगळे निघून जाते.