लैंगिक अत्याचार पुरावा किट: कामाचं, पण अर्धंच

खोक्यात निर्जंतुक स्वॅब, कागदी पाकिटं, कंगवा, शरीराच्या आकृत्या छापलेले फॉर्म आणि सील. कपड्यांसाठी प्लॅस्टिक नाही, आणि ते योग्यच. ओला स्वॅब किंवा कपडा तसाच बंद केला की बुरशी धरते, डीएनए खराब होतो. आधी हवेवर वाळवायचं, मग कागदात. घाईत नेमकी हीच पायरी गळते. लेबलवर वेळ, जागा, सही यांपैकी एक राहिलं, तरी पुरावा कधी कोणाच्या ताब्यात होता यावर बचाव पक्ष बोट ठेवतो.

नमुने घटनेनंतर साधारण ७२ ते १२० तासांपर्यंत घेतात. पेयात काही मिसळल्याचा संशय असेल तर पहिली लघवी सर्वांत मोलाची. जीएचबी (पेयात मिसळलं जाणारं एक गुंगीचं औषध) त्यातून सुमारे १२ तासांत नाहीसं होतं. त्या तपासणीच्या बाटल्या बऱ्याच किटमध्ये नसतात, वेगळ्या मागाव्या लागतात. ही मोठी उणीव.

कॉलेजमधल्या प्रकरणांत खरं घोडं पुढेच अडतं. दोघं बहुधा ओळखीचे असतात. आरोपी संबंध नाकारतच नाही, संमती होती म्हणतो. तिथे डीएनए जुळून काय उपयोग? मग जखमांची नोंद, फोटो आणि तक्रारदाराचे शब्द जसेच्या तसे लिहिणं हेच कामी येतं. (जखम नाही म्हणजे संमती होती, असं नव्हे, हे फॉर्मवर छापायलाच हवं.) मेसेज, पार्टीतले साक्षीदार, वसतिगृहाचं सीसीटीव्ही या खोक्यात मावत नाही. चित्रणावर नवं चित्रण चढतं, म्हणून ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज त्याच दिवशी द्यावा.